प्रकाश आत घेणारा पृष्ठभाग

घासूनपुसून आरशासारखा लख्ख केलेला तांब्याचा तुकडा निर्वात पेटीत ठेवावा आणि त्यावर अत्यंत तीव्र लेझरचा एक स्पंद सोडावा, तर त्या प्रकाशाचा बराच मोठा भाग तांब्यात न शिरता परावर्तित होऊन निघून जातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. ज्या प्रकाशापुढे अणूची बांधणी टिकत नाही, तो धातूच्या पृष्ठभागावरून माघारी फिरेलच कसा? पण तो फिरतो. आता त्याच तुकड्यावर तांब्याच्याच दहा-वीस नॅनोमीटर आकाराच्या कणांचा पातळ थर द्यावा आणि तसाच स्पंद पुन्हा सोडावा. या वेळी प्रकाश आत मुरतो आणि बाहेर पडणारे क्ष-किरण कितीतरी पटींनी वाढतात. धातू तोच, लेझर तोच, कोन तोच. बदलली ती फक्त पृष्ठभागाची घडण. एवढ्याशा बदलाने इतका फरक का पडतो आणि तो कोणत्या अटींवर पडतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. पदवीच्या वर्गापर्यंत भौतिकी शिकलेल्या वाचकाला तो मराठीतून समजावा, ही त्यामागची धडपड आहे आणि ती मला मनापासून मोलाची वाटते.

आधी तीव्रतेचा अंदाज घेऊ. भर उन्हात जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरवर सूर्याची साधारण ०.१ वॅट शक्ती पडते. पुढच्या प्रकरणांतले प्रयोग सुरू होतात ते एका चौरस सेंटिमीटरमागे १ वर १४ शून्ये इतक्या वॅटपासून, आणि जातात ते १ वर १८-१९ शून्यांपर्यंत. हायड्रोजनच्या अणूत केंद्रक आपल्या इलेक्ट्रॉनला ज्या विद्युतक्षेत्राने धरून ठेवते, तेवढेच क्षेत्र प्रकाशलहरीत निर्माण व्हायला ३५ वर १५ शून्ये इतकी तीव्रता लागते. म्हणजे या पट्ट्याच्या मधोमध कुठेतरी प्रकाशाचे क्षेत्र अणूच्या क्षेत्राला गाठते आणि मागे टाकते. १ वर १८ शून्यांच्या आसपास आणखी एक उंबरठा लागतो. तिथे लहरीबरोबर डोलणारा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या इतका जवळ जातो की आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लावल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

ही तीव्रता येते ती ऊर्जेच्या राशीतून नव्हे, तर वेळेच्या काटकसरीतून. एक जूल ही तशी किरकोळ ऊर्जा. पण ती ३० फेम्टोसेकंदांत कोंबली की शक्ती होते सुमारे ३३ टेरावॅट, म्हणजे जगातली सगळी वीजकेंद्रे मिळून सरासरी जेवढी वीज देतात त्याच्या साधारण दहापट. अर्थात तेवढ्या ३० फेम्टोसेकंदांपुरतीच. आणि तेवढ्या अवधीत प्रकाश स्वतः जेमतेम नऊ मायक्रोमीटर पुढे सरकतो. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला, त्यानंतर बराच काळ अडचण अशी होती की असा आखूड स्पंद वाढवत नेला तर तो वर्धकातल्या स्फटिकालाच इजा करायचा. १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी त्यावर तोड काढली: स्पंद आधी वेळेत लांब ताणायचा, त्या सौम्य अवस्थेत वाढवायचा आणि शेवटी पुन्हा दाबून आखूड करायचा. २०१८ च्या नोबेल पुरस्काराने या युक्तीचा गौरव झाला. तिच्यामुळे अवाढव्य इमारतीत मावणारी तीव्रता विद्यापीठातल्या एका खोलीत आली.

आता परावर्तनाचे कोडे. स्पंदाची आघाडी पोहोचताच पृष्ठभागावरचे अणू आपले इलेक्ट्रॉन गमावतात आणि तिथे प्लाझ्मा तयार होतो. त्यानंतर येणाऱ्या प्रकाशाची गाठ धातूशी नव्हे, या प्लाझ्माशी पडते. प्लाझ्मातले मोकळे इलेक्ट्रॉन विशिष्ट घनतेपलीकडे गेले की ते येणाऱ्या लहरीला जागच्या जागी उत्तर देतात आणि लहर आत सरकूच शकत नाही. या मर्यादेला क्रांतिक घनता म्हणतात. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरसाठी ती दर घनसेंटिमीटरला १७ वर २० शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनांची आहे. साध्या, थंड तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात त्याच्या सुमारे पन्नासपट. आयनीभवन वाढत गेले की हे प्रमाण आणखी चढते. त्यामुळे प्रकाश आत जातो तो फक्त वीसेक नॅनोमीटरच्या कातडीपुरता. तीव्रता फारच वाढली की इलेक्ट्रॉन जणू जड होतात आणि ही सीमा थोडी आत सरकते. प्रेधिमन काव आणि जॉन डॉसन यांनी १९७० मध्येच हे गणिताने दाखवले होते, म्हणजे तसे लेझर हाताशी येण्याच्या कितीतरी आधी. पुढे याच काव यांनी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेची उभारणी केली. पण सपाट, घन पृष्ठभागावर एवढ्या सरकण्याने फारसे भागत नाही.

कातडीपुरता का होईना, आत आलेला प्रकाश शोषला कसा जातो? तीव्रता कमी असते तेव्हा उत्तर सोपे आहे. लहरीबरोबर डोलणारा इलेक्ट्रॉन आयनावर आदळतो आणि त्याचे शिस्तबद्ध डोलणे अस्ताव्यस्त उष्णतेत बदलते. पण प्लाझ्मा जसजसा तापतो तसतशा या टकरी कमी होत जातात. वेगवान इलेक्ट्रॉन आयनाजवळून इतक्या झटकन निसटतो की त्याची दिशा बदलायला सवडच मिळत नाही. म्हणजे जास्त तापवायला जावे तर तापवण्याचा हा मार्गच बंद होत जातो. माझ्या मते या विषयाची सारी गोम इथे आहे. वाचकाने या परिच्छेदाशी थोडे थांबावे, कारण पुढचे सगळे उपाय टकरींशिवाय प्रकाशाची ऊर्जा पदार्थाला कशी द्यायची, या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत.

त्यातले एक उत्तर ब्रुनेल यांनी १९८७ मध्ये मांडले. प्रकाश तिरपा येतो आणि त्याच्या विद्युतक्षेत्राचा एक घटक पृष्ठभागाला लंब असतो, अशी कल्पना करा. लहरीच्या एका अर्ध्या फेरीत हे क्षेत्र इलेक्ट्रॉनांना पृष्ठभागातून उपटून बाहेरच्या निर्वातात ओढते. दुसऱ्या अर्ध्या फेरीत तेच क्षेत्र उलटते आणि त्यांना परत आत भिरकावते. आत गेलेला इलेक्ट्रॉन त्या वीस नॅनोमीटरच्या कातडीपलीकडे पोहोचतो. तिथे लहरीचे क्षेत्र नसतेच, म्हणून ते त्याला पुन्हा बाहेर खेचू शकत नाही. कमावलेली ऊर्जा घेऊन तो घन पदार्थात निघून जातो. एकाही टकरीशिवाय लहरीची ऊर्जा पदार्थात उतरली. या प्रक्रियेला दोनच गोष्टी लागतात: पृष्ठभागाला लंब असलेले क्षेत्र आणि घन पदार्थाची धारदार कड. सपाट टार्गेटवर, म्हणजे लेझर ज्यावर रोखतात त्या तुकड्यावर, लंब क्षेत्र मिळवायचे तर लेझरचा कोन आणि ध्रुवीकरण जुळवत बसावे लागते. कड धारदार ठेवणे त्याहून कठीण, त्याकडे पुढे येतो.

कोकणातल्या उघड्या कातळावर पडलेला पाऊस वाहून जातो आणि तोच पाऊस गवताळ उतारावर मुरतो. नॅनोरचनेचे पहिले काम एवढेच आहे. कणांऐवजी नॅनोमीटरच्या मापाच्या उभ्या तारांचा थर दिला, तर त्या तारांच्या फटींतून प्रकाश काही मायक्रोमीटर खोल उतरतो, भिंतींवर पुन्हा पुन्हा आदळतो आणि प्रत्येक आदळण्यात थोडा थोडा शोषला जातो. पण उपमा इथेच थांबवावी, कारण नॅनोरचना फक्त वाट देत नाही, ती प्रकाशाचे क्षेत्रच बदलते. तरंगलांबीहून कितीतरी लहान अशा टोकाजवळ विद्युतक्षेत्र एकवटते. इमारतीवरच्या वीजवाहक दांड्याच्या टोकाशी घडते तेच इथे नॅनोमीटरच्या मापात घडते. त्याखेरीज लहान गोळ्यातल्या इलेक्ट्रॉनांना स्वतःची डोलण्याची वारंवारता असते. लेझरची वारंवारता तिच्याशी जुळली तर गोळ्याभोवतीचे क्षेत्र आणखी फुगते. पूर्ण गोल कणासाठी हा मेळ क्रांतिक घनतेच्या तिप्पट घनतेला बसतो. कण लांबट असला की तो जागा बदलतो. म्हणून कणाचा आकार हा केवळ दिसण्याचा मुद्दा नाही, तो हिशेबात घेण्याचा आकडा आहे. आणि शेवटी ब्रुनेल यांची प्रक्रिया: प्रत्येक तारेच्या, प्रत्येक कणाच्या पृष्ठभागाचा कुठला ना कुठला भाग क्षेत्राला लंब असतोच. तारेतून उपटलेला इलेक्ट्रॉन फटीत येतो, तिथे लहरीचा पुरेपूर जोर खातो आणि समोरच्या तारेत घुसतो. एका तारेची कड गेली तरी शेजारी दुसरी हजर असते.

यातले सगळेच परिणाम एका वेळी सारख्या जोराने काम करतात असे नाही. १ वर १५ शून्यांच्या आसपास क्षेत्र फुगवण्याचा आणि मेळाचा वाटा मोठा असतो. १ वर १८ शून्यांपलीकडे तारांची भूमिती आणि फटींतून धावणारे इलेक्ट्रॉन यांचे पारडे जड होते. लोकप्रिय लेखांत हा फरक पुसला जातो आणि सगळे श्रेय एकाच कारणाला मिळते. या पुस्तकात दोन्ही पट्टे वेगळे ठेवले आहेत, हे मला फार बरे वाटले.

पृष्ठभागाची बारीक घडण प्रकाश गिळू शकते, ही जाण तशी जुनी आहे. रॉबर्ट वुड यांनी १९०२ मध्ये धातूच्या बारीक रेघोट्यांच्या जाळीवर पांढरा प्रकाश टाकला, तेव्हा वर्णपटात अनपेक्षित काळ्या आणि उजळ पट्ट्या दिसल्या. त्या पट्ट्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर अवलंबून होत्या. त्यांचे समाधानकारक स्पष्टीकरण उगो फानो यांच्याकडून १९४१ मध्ये आले: जाळीमुळे प्रकाश पृष्ठभागालगत सरपटणाऱ्या लहरीत अडकतो. तीव्र लेझरच्या जगात ही कल्पना शिरली ती १९९३ मध्ये. मार्गारेट मर्नेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेघोट्यांची जाळी आणि सोन्याच्या सूक्ष्म कणांची सच्छिद्र काजळी अशी दोन टार्गेटे घेतली आणि त्यांत ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश शोषला जातो असे दाखवले. सोन्याची ही काजळी डोळ्यांना अगदी काळी दिसते. सोने आणि काळे, हे दृश्य पचायला वेळ लागतो. पण जिथून प्रकाश परत येत नाही ते काळेच दिसणार. २००० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी निकेलच्या उभ्या नॅनोतारांचे मखमली टार्गेट वापरून क्ष-किरणांचे आखूड, तेजस्वी स्पंद मिळवले. याच सुमारास टॉड डिटमायर यांचा गट वायूच्या दिशेने त्याच निष्कर्षाला पोहोचत होता. सरासरी घनता वायूची, पण वायू हजारो अणूंच्या घट्ट पुंजक्यांत बांधलेला, अशा माध्यमाने लेझरची ऊर्जा जवळजवळ सगळी शोषली. १९९९ मध्ये त्यांनी डॉयटेरियमच्या पुंजक्यांचे स्फोट घडवून टेबलावर मावणाऱ्या लेझरने अणुसंमीलन घडते हे दाखवले.

मराठी वाचकाला या कथेतला मुंबईचा भाग ठाऊक असायला हवा, आणि तो तळटीपेपुरता नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी, पुषण अय्यूब यांच्या नॅनोपदार्थांच्या प्रयोगशाळेशी हात मिळवून, तांब्याच्या नॅनोकणांचा थर दिलेली टार्गेटे वापरली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात १०० फेम्टोसेकंदांचे, ८०६ नॅनोमीटरचे स्पंद होते आणि तीव्रता १ वर १४ ते १५ शून्ये. १० ते २०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यातल्या क्ष-किरणांत १३ पट वाढ मिळाली आणि एका साध्या प्रारूपाने ती आकड्यांसकट समजावून देता आली. या प्रस्तावनेच्या सुरुवातीला सांगितलेला प्रयोग तो हाच. लेझर प्रचंड नव्हता. टार्गेट विचारपूर्वक घडवले होते.

त्याच संस्थेतले २०१२ मधले दोन निष्कर्ष याहूनही बोलके आहेत. एका प्रयोगात उभ्या, एका दिशेने लावलेल्या कार्बन नॅनोनलिकांच्या थरावर १ वर १८-१९ शून्ये तीव्रतेचा स्पंद सोडला. सपाट पदार्थात लेझरने ढकललेले इलेक्ट्रॉन पसरतात, फाटतात. इथे मेगाअँपिअरच्या मापातला त्यांचा प्रवाह एक मिलिमीटरपर्यंत बांधलेला राहिला. टार्गेटच्या मागच्या बाजूला १२० मेगागॉसपर्यंतचे चुंबकक्षेत्र मोजले गेले. म्हणजे रचनेचा उपयोग प्रकाश आत घेण्यापुरता संपत नाही, आत घेतलेली ऊर्जा कुठे न्यायची हेही ती ठरवू शकते. दुसरा प्रयोग एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी काचेवर ई. कोलाय जीवाणूंचा काही मायक्रोमीटर जाडीचा लेप दिला. १ वर १६ शून्ये तीव्रतेला साध्या काचेच्या तुलनेत क्ष-किरण शंभरपटीहून जास्त वाढले. हे जीवाणू एक-दोन मायक्रोमीटर लांबीचे, म्हणजे काटेकोरपणे नॅनोरचना नव्हे. पण मुद्दा त्यामुळे अधिकच स्पष्ट होतो. जीवाणूच्या शरीरात जड मूलद्रव्ये जवळपास नसतातच, त्यामुळे पदार्थाला श्रेय देता येत नाही. श्रेय आकाराचे आहे. लांबट गोलाकार कण धरून केलेल्या सिम्युलेशननेही तेच सांगितले.

यापुढची मोठी उडी अमेरिकेत कोलोरॅडो राज्य विद्यापीठात, होर्हे रोका यांच्या गटात घेतली गेली. त्यांनी २०१३ मध्ये निकेल आणि सोन्याच्या उभ्या नॅनोतारांवर सुमारे अर्ध्या जूलचे फेम्टोसेकंद स्पंद सोडले. तारा इतक्या विरळ की थराची सरासरी घनता घन धातूच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. आणि त्या विरळपणामुळेच प्रकाश कित्येक मायक्रोमीटर खोल गेला. तारा तापून फुगल्या, फटी भरल्या आणि जो प्लाझ्मा उरला तो एकाच वेळी दाट आणि तापलेला होता. ही जोडी एरवी सहजी मिळत नाही. सपाट टार्गेटवर तापलेला भाग पातळ असतो आणि दाट भाग थंड राहतो. सोन्याच्या अणूतल्या ७९ इलेक्ट्रॉनांपैकी ५२ निघून गेलेले आयन त्यांना तिथे आढळले. असा प्लाझ्मा एरवी पाहायचा तर कैक पटींनी मोठ्या ऊर्जेचे लेझर लागतात. याच गटाने २०१८ मध्ये डॉयटेरियमयुक्त पॉलिथिलीनच्या नॅनोतारा वापरल्या आणि लेझरच्या प्रत्येक जूलमागे सुमारे २० लाख न्यूट्रॉन मिळवले. त्याच पदार्थाच्या सपाट टार्गेटशी तुलना करता ही वाढ ५०० पट होती. यातून वीज तयार होणार नाही, तसा दावाही त्यांचा नाही. पण आखूड, लहान जागेतून निघणारा न्यूट्रॉनांचा झोत ही स्वतःच कामाची वस्तू आहे. जर्मनीतल्या सैद्धांतिकांच्या सिम्युलेशनमध्ये याच तारांविषयी आणखी एक गोष्ट दिसली: तारेतून उलट वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचे चुंबकक्षेत्र तारेलाच आवळते आणि तिची घनता घन पदार्थापेक्षाही वर नेते.

तेरापट, शंभरपट, पाचशेपट हे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. हे शोषणाचे आकडे नाहीत. शोषण शंभर टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. सपाट टार्गेट आधीच दहा टक्के शोषत असेल तर उत्तम नॅनोरचनाही त्याच्या दहापटीपलीकडे नेणार नाही. क्ष-किरण आणि न्यूट्रॉन मात्र इलेक्ट्रॉनांच्या वा आयनांच्या संख्येवरच नव्हे, तर त्यांच्या ऊर्जेवरही अवलंबून असतात, म्हणून ते शोषणापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. शोषण स्वतः मोजायचे तर आत गेलेली ऊर्जा थेट मोजता येत नाही. आलेल्यातून परत गेलेली वजा करावी लागते. सपाट टार्गेटवर परत जाणारा प्रकाश एका ठरलेल्या दिशेने जातो, तिथे मापक ठेवला की झाले. खरबरीत टार्गेट मात्र प्रकाश चहूकडे विखुरते. त्या एकाच दिशेच्या मापकाकडे पाहून कुणी म्हणाले की प्रकाश परत आला नाही, म्हणजे शोषला गेला, तर ते चुकीचे ठरेल. म्हणून टार्गेटभोवती आतून पांढरा, सर्व दिशांचा प्रकाश गोळा करणारा गोल बसवतात. शोषणाचा आकडा वाचताना तो गोल होता की नव्हता, हे आधी पाहावे.

आता त्या कडेच्या धारेकडे. लेझरचा स्पंद कागदावर सुबक टेकडीसारखा काढतात, पण प्रत्यक्षात त्याच्या पुढे कित्येक पिकोसेकंद, कधी नॅनोसेकंद, मंद प्रकाश चालत असतो, आणि मध्येच लहान पूर्वस्पंद असतात. मुख्य स्पंदाची तीव्रता १ वर १८ शून्ये आणि पुढचा मंद प्रकाश त्याच्या दहा लाखांश असला, तरी तो १ वर १२ शून्ये भरतो. नॅनोरचना नाहीशी करायला तेवढा पुष्कळ आहे. हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत तापलेला प्लाझ्मा एका पिकोसेकंदात शंभर-दोनशे नॅनोमीटर पसरतो. दोन तारांमधली फट तेवढीच असते. म्हणजे मुख्य स्पंदाआधी काही पिकोसेकंद टार्गेट तापले, तर फटी बुजतात, टोके वितळतात आणि मुख्य स्पंदाला भेटतो तो पुन्हा सपाट प्लाझ्मा. महिनाभर खपून घडवलेली रचना प्रयोग सुरू होण्याआधीच गेलेली असते. सारखीच दिसणारी टार्गेटे एका प्रयोगशाळेत भरघोस फळ देतात आणि दुसरीत काहीच देत नाहीत, याचे कारण पुष्कळदा टार्गेटमध्ये नसून लेझरच्या या पुढच्या प्रकाशात असते. मुख्य स्पंद आणि हा पुढचा प्रकाश यांच्या गुणोत्तराला प्रयोगशाळेत कॉन्ट्रास्ट म्हणतात. नॅनोरचनेवरचा कुठलाही शोधनिबंध हाती आला की टार्गेटच्या सुंदर छायाचित्राआधी मी हा आकडा शोधतो.

कॉन्ट्रास्ट सुधारण्याचे दोन मार्ग विशेष सांगण्यासारखे आहेत. पहिला, स्फटिकातून नेऊन प्रकाशाची वारंवारता दुप्पट करणे. ८०० नॅनोमीटरचा तांबडा-अवरक्त प्रकाश ४०० नॅनोमीटरचा निळा-जांभळा होतो. हे रूपांतर तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात होते, त्यामुळे दहा लाखांश असलेला पुढचा प्रकाश दुप्पट वारंवारतेत जवळजवळ लाख-कोटीव्या हिश्श्यावर उतरतो आणि न बदललेला तांबडा प्रकाश आरशांनी वेगळा काढता येतो. कोलोरॅडोच्या गटाने हाच मार्ग घेतला. दुसरा मार्ग मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. परावर्तन रोखणारा लेप दिलेली काच वाटेत तिरपी ठेवतात. पुढचा मंद प्रकाश तिच्यातून आरपार निघून जातो, टार्गेटपर्यंत पोहोचतच नाही. मुख्य स्पंदाची चढण आली की काचेच्या पृष्ठभागाचा क्षणार्धात प्लाझ्मा होतो, त्याची घनता क्रांतिक मर्यादा ओलांडते आणि तो आरसा बनून मुख्य स्पंद टार्गेटकडे वळवतो. टार्गेटवर जे परावर्तन आपल्याला नको असते, तेच इथे दार उघडण्या-लावण्याच्या कामी येते. काचेवरची ती जागा मात्र प्रत्येक शॉटला जळते आणि काच सरकवावी लागते.

पूर्वस्पंद सगळीकडे शत्रूच असतो असेही नाही. संगणकाच्या चिप छापायला लागणारा १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश कथिलाच्या थेंबांवर लेझर मारून मिळवतात. तिथे पहिला हलका स्पंद मुद्दाम सोडतात, तो थेंबाला चपटा, पसरट करतो आणि मगच मुख्य स्पंद येतो. सपाट घन टार्गेटवरसुद्धा थोडा आधीचा प्लाझ्मा शोषण वाढवतो. त्यामुळे नॅनोरचनेची बाजू मांडताना तुलना कशाशी केली आहे हे तपासायलाच हवे. स्वच्छ स्पंद आणि सपाट टार्गेट ही जोडी शोषणाच्या दृष्टीने सर्वांत दुबळी. तिच्याशी तुलना केली की कोणतीही रचना उठून दिसते. तरीही मला नॅनोरचनाच श्रेष्ठ वाटते, कारण आधीच्या प्लाझ्माची जाडी दर शॉटला कमी-जास्त होते आणि तो विरळ असतो. तारांची लांबी, जाडी आणि अंतर मात्र आपण ठरवतो आणि घनता घन पदार्थाची मिळते.

हे ठरवणे हातात आले ते पदार्थविज्ञानाच्या लोकांमुळे, आणि त्यांचे काम या पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणात आले आहे ते योग्यच. ॲल्युमिनियमचा पत्रा आम्लात बुडवून त्यातून वीज सोडली की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्या थरात आपोआप, जवळजवळ षट्कोनी मांडणीत, उभी भोके पडतात. व्होल्टेज बदलले की भोकांतले अंतर बदलते. मग विद्युतविलेपनाने त्या भोकांत निकेल किंवा सोने भरायचे आणि शेवटी ऑक्साइड अल्कलीत विरघळवून टाकायचा. मागे उरतात त्या तारा. धुताना पाणी सुकू लागले की पृष्ठताणामुळे लांब तारांची टोके एकमेकींना चिकटून झुपके होतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते झुपके दिसले की तो नमुना बाद करण्याचा मोह होतो. पण झुपक्यांतही फटी असतात आणि तेही प्रकाश शोषतात. फक्त तारांच्या सुबक मांडणीवर आधारलेल्या सिम्युलेशनशी त्यांची तुलना करता येत नाही. इतर वाटाही आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात नीलमण्याच्या थंड पट्टीवर पाण्याची वाफ गोठवून हिमाचे सूक्ष्म काटे टार्गेट म्हणून वापरले गेले. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये पातळ पटलावर ५३५ नॅनोमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरिनच्या गोळ्यांचा एकेरी थर पसरून प्रोटॉनांची ऊर्जा आणि संख्या दोन्ही वाढवता आली.

या सगळ्या टार्गेटांची एक अडचण समान आहे. प्रत्येक शॉटला ती जागा नष्ट होते. फोकस दहा मायक्रोमीटरचा असला तरी विवर आणि त्याभोवतीची इजा शेकडो मायक्रोमीटर पसरते, म्हणून दोन शॉटांत अर्धा मिलिमीटर तरी अंतर सोडावे लागते. पूर्वी लेझर तासाला मोजके शॉट द्यायचा तेव्हा हे खपून जात होते. आजचे लेझर सेकंदाला दहा शॉट देतात. क्ष-किरणांनी अणूंची हालचाल टिपायची किंवा न्यूट्रॉन कामाला लावायचे, तर तेवढे शॉट हवेतच. म्हणजे तासाला ३६,००० कोऱ्या जागा. दर जागेला पाव चौरस मिलिमीटर धरले तर तासाला ९० चौरस सेंटिमीटर नॅनोतारा लागतात, त्याही सगळीकडे सारख्या लांबीच्या आणि फोकसच्या काही मायक्रोमीटरच्या आत राहतील इतक्या सपाट पायावर उभ्या. सध्या असे नमुने नाण्याएवढ्या चकत्यांवर, एकेक करून वाढवले जातात. सरकत्या फितीवर रचना छापाव्यात, साच्याने प्लॅस्टिकमध्ये उठवाव्यात, की द्रवाच्या धारेतच कण सोडावेत, यावर वेगवेगळ्या देशांत काम चालू आहे. शेवटच्या प्रकरणात या वाटांची चर्चा आहे. रसायन, धातुशास्त्र किंवा छपाईचे तंत्र शिकलेल्या वाचकाने हवे तर पुस्तक तिथूनच उघडावे.